समोर कोण बसलं होतं?

हिंगोली शहरापासून थोड्या अंतरावर, कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० साली इथे झाला असं परंपरा सांगते, आणि गावाच्या नावाला नामदेवांचं नाव आता कायमचं जोडलं गेलं आहे. मराठी घरांत आणि देवळांत नामदेवांची जी तसबीर दिसते, ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. डोक्याला पागोटं, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ किंवा वीणा, आणि चेहरा ऐन तारुण्यातल्या, गोऱ्यागोमट्या, नाकेल्या माणसाचा. पंजाबातल्या घुमानला मात्र नामदेव वेगळे भेटतात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरलं होतं. तिकडच्या तसबिरींत नामदेवांना छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी असते, डोक्यामागे प्रभा असते, आणि ते शीख गुरूंच्या पंक्तीत सहज शोभतील असे दिसतात.

या दोन्ही परंपरांतल्या कुणा चित्रकाराने नामदेवांना पाहिलेलं नाही. तरी दोघांनीही चेहरा अगदी ठाम काढला. भुवया, नाक, ओठ, डोळ्यांखालची सावली, सगळं नेमकं. म्हणजे कुणाचा तरी चेहरा त्यांच्यासमोर होताच. तो आधीच्या एखाद्या चित्रातला असेल, शेजाऱ्याचा असेल, नाटकातल्या नटाचा असेल, नाहीतर गिऱ्हाइकाच्या मनातला असेल. व्यक्तिचित्रासाठी मांडलेली खुर्ची कधीच रिकामी राहत नाही. ज्याचं चित्र आहे तो आला नाही, तर दुसरं कुणीतरी येऊन बसतं आणि चित्रावर आपली छाप सोडून जातं. असं असूनही आपल्याकडे चर्चा होते ती चित्रकाराच्या हाताची. समोर बसलेल्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हा हिशेब ठेवायला हवा, कारण व्यक्तिचित्रात अर्धं काम त्याचं असतं.

हे अर्धं काम म्हणजे काय, ते एखादं व्यक्तिचित्र रंगताना जवळून पाहिलं की कळतं. महाराष्ट्रात व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकांची चांगली परंपरा आहे. सभागृहात किंवा कला महाविद्यालयाच्या वर्गात चित्रकार उभा राहतो, समोर खुर्चीत माणूस बसतो, आणि दोन-अडीच तासांत लोकांच्या डोळ्यांदेखत चित्र उभं राहतं. सुरुवातीला चित्रकार खुर्ची अशी लावतो की उजेड चेहऱ्यावर एकाच बाजूने पडावा. माणूस बसला की त्याच्या पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करतात, म्हणजे मधे पाय मोकळे करायला उठलेला माणूस पुन्हा नेमका तिथेच येऊन बसेल. पहिली काही मिनिटं तो फोटो काढायला बसल्यासारखा बसतो. हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले, डोळे विस्फारलेले. मग मान अवघडते. खांदे जागेवर येतात. भिंतीवरच्या ज्या खिळ्यावर नजर ठेवायला सांगितलेलं असतं, तिथून ती हळूच ढळते आणि घरच्या, शेतातल्या, ऑफिसातल्या कुठल्यातरी विचारात बुडते. चांगला चित्रकार याच घटकेची वाट पाहत असतो. तो डोळे बारीक करून दोन पावलं मागे सरकतो, कारण बारीक केलेल्या डोळ्यांना पापण्यांचे केस दिसत नाहीत, उजेड आणि सावलीचे मोठे भाग दिसतात. आणि मग पुढे येऊन तो जो फटकारा मारतो, त्यात समोरच्याचा थकवा, कंटाळा आणि नकळत दाखवलेला विश्वास, तिन्ही उतरतात.

कॅमेऱ्याला यातलं काही लागत नाही. क्षणात काम होतं. बसणाऱ्याने आपला वेळ देणं, पाहिलं जाणं सोसणं आणि हळूहळू मुखवटा खाली ठेवणं, ही व्यक्तिचित्राची खरी सामग्री आहे. शिल्पकार आणि चित्रकार आल्बेर्तो जाकोमेत्ती याच्यासमोर १९६४ मध्ये जेम्स लॉर्ड हा अमेरिकन लेखक बसला. थोड्याच वेळात आटपेल असं वाटलेलं काम अठरा बैठकींपर्यंत लांबलं. रोज रंगवायचं आणि पुसायचं, पुन्हा रंगवायचं. लॉर्डने पुढे त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि बसणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या मोजक्या दस्तऐवजांत ते आजही गणलं जातं. मराठीत असं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, ही खंत बाळगण्यासारखी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांची गोष्ट सुरू करायची तर पुण्यात जावं लागतं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट होता. वेल्सने सवाई माधवराव पेशव्यांचं नाना फडणविसांसह चित्र रंगवलं, महादजी शिंद्यांना रंगवलं, आणि मॅलेटच्या सोबत राहणाऱ्या बीबी अंबर कौर यांनाही रंगवलं. पेशव्यांच्या आश्रयाने चित्रकलेची शिकवणी सुरू झाली. गंगाराम तांबट हा त्यातला नावाजलेला शिष्य, त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. या सगळ्याकडे कलाप्रसार म्हणून पाहायची सवय आपल्याला आहे. पण बसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र बदलतं. अठरा वर्षांचा पेशवा एका परक्या माणसासमोर स्थिर बसतो, तो माणूस त्याच्याकडे टक लावून पाहतो, आणि त्या माणसाला आणणारा कंपनीचा रेसिडेंट आहे. दरबारात पेशव्याकडे असं रोखून पाहायची कुणाची छाती झाली असती? चित्रकाराला मात्र ती मुभा मिळाली. मॅलेटला हे कळत नव्हतं असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

यातली पुढची हकिगत जास्त बोलकी आहे. १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले, आणि त्याच वर्षी वेल्सही वारला. मॅलेटने कंपनी आणि पेशवे यांच्यातल्या १७९०च्या तहाच्या दरबाराचं भव्य चित्र करून घ्यायचं ठरवलं होतं. ते पुढे इंग्लंडमध्ये टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरं केलं, वेल्सच्या अभ्यासचित्रांच्या आधारे. म्हणजे ज्याने दरबार रंगवला त्याच्यासमोर त्यातल्या पुणेकर दरबाऱ्यांपैकी कुणीच बसलं नव्हतं, आणि पेशवा जाऊन दहा वर्षं झाली होती. तरी त्या चित्रातले चेहरे जिवंत वाटतात, ते पुण्यात वेल्सला दिलेल्या बैठकींमुळे. माणसाने दिलेला वेळ असा दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या देशातही कामी येतो.

बसणारा मोठा असला की त्याचा दाब चित्रावर येतो, हेही खरं. विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश संसदेने १९५४ मध्ये ग्रॅहम सदरलँडकडून त्यांचं व्यक्तिचित्र करून घेतलं. चर्चिलना त्यात आपलं म्हातारपण दिसलं, ते चित्र त्यांना अजिबात आवडलं नाही, आणि पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेने ते नष्ट करण्यात आलं. समोर बसणाऱ्याची बाजू घेताना इथे थांबावं लागतं. आपला चेहरा कसा दिसावा याबद्दल बोलायचा हक्क त्याला आहे, पण झालेलं काम मिटवून टाकायचा नाही. त्यात चित्रकाराचाही वेळ गुंतलेला असतो आणि पाहणाऱ्यांचाही वाटा असतो. आपल्याकडे नगरपालिकांच्या सभागृहांत, संस्थांच्या दिवाणखान्यांत लागलेली किती तरी व्यक्तिचित्रं निर्जीव आहेत, कारण तिथे बसणाऱ्याने नुसती मुद्रा दिली आणि चित्रकाराने मागितल्यापेक्षा जास्त काही पाहायचं धाडस केलं नाही. पैसे देणारा आणि बसणारा एकच असला की हे फार वेळा होतं.

म्हणूनच मराठी मुलखातली सर्वांत आपुलकीची व्यक्तिचित्रं बहुधा घरात जन्मली. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर मोठ्या ताकदीचे चित्रकार. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हातात समई घेतलेली नऊवारीतली स्त्री, एक तळवा ज्योतीसमोर आडवा धरलेला, आणि त्या बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड. जलरंगात चूक झाली की झाकता येत नाही, तो उजेड कागदाचा पांढरेपणा राखूनच मिळवावा लागतो. हे चित्र राजा रविवर्म्यांचं आहे असा समज असंख्य लोकांनी वर्षानुवर्षं बाळगला. एवढंच असतं तर चित्रकाराचं नाव दुरुस्त करून काम भागलं असतं. पण समई घेऊन उभी असलेली ती स्त्री कोण, हेही फार थोड्यांना माहीत होतं. ती हळदणकरांची मुलगी, गीता. पुढे त्या गीता उपळेकर म्हणून कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेल्या. तेव्हा बातम्या आल्या आणि पुष्कळांना पहिल्यांदा समजलं की चित्रातली स्त्री इतकी वर्षं आपल्यातच होती. समई धरून ताटकळत उभं राहणं सोपं नव्हे. हात थरथरतो, समईच्या वजनाने मनगट भरून येतं. त्या हाताने थरथर आवरली म्हणून हळदणकरांना बोटांच्या कडेचा उजेड पाहता आला.

गोव्याचे आंतोनियो त्रिंदाद यांनाही हे साधलं. ज्यांना लोक पूर्वेचे रेम्ब्रां म्हणत, त्यांनी आपल्या पत्नीला, फ्लोरेंतिनाला, पुन्हा पुन्हा रंगवलं. वासुदेव कामत यांना २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकाचा सर्वोच्च ड्रेपर पुरस्कार मिळाला, तोही पत्नीच्या व्यक्तिचित्राला. घरच्या माणसांचा वेळ मुबलक मिळतो, त्यांना मुखवटा घालायची गरज नसते, हे त्यामागचं कारण. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की घरच्या बाईचा वेळ गृहीत धरला जातो, आणि तिचं नाव चित्राखाली लिहिण्याचं कुणाच्या मनातही येत नाही.

घराबाहेरच्या बायकांचं तर नावच शिल्लक राहिलं नाही. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोहोचल्या. मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या देव्हाऱ्यांतही त्या आल्या. त्या देवतांना ज्यांनी चेहरे आणि हात दिले, त्या स्त्रियांबद्दल खात्रीने सांगता येईल असं फार थोडं उरलं आहे. ती पोकळी रणजित देसाईंच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीतल्या सुगंधाने भरली, आणि त्या कादंबरीवर चित्रपटही निघाला. नोंद नसते तिथे कल्पित गोष्ट शिरते, आणि काही वर्षांनी तीच खरी मानली जाते. म्हणून आज ज्या स्त्रिया आणि पुरुष कला महाविद्यालयांत मॉडेल म्हणून बसतात त्यांची नोंद, त्यांचं मानधन आणि त्यांची अब्रू या तिन्ही गोष्टी एकत्र विचारात घ्यायला हव्यात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नग्न मॉडेलवरून अभ्यासाचे वर्ग शंभर वर्षांपूर्वी, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात सुरू झाले. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट अशाच एका बाईचा आहे. ती गावाकडून मुंबईत येते, मुलाच्या शिक्षणासाठी हे काम पत्करते आणि घरी सांगू शकत नाही. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून तो ऐन वेळी वगळला गेला. जिच्या अंगावरून विद्यार्थ्यांच्या पिढ्या रेषा शिकल्या, तिची गोष्ट पडद्यावर येणंही लोकांना जड गेलं.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात व्यक्तिचित्र म्हणजे बहुतेक वेळा फोटोवरून केलेलं काम. शाळेच्या भिंतीवरचे जोतीराव आणि सावित्रीबाई, चौकातल्या फलकावरचे डॉ. आंबेडकर, घरातल्या वारलेल्या आजोबांचा मोठा केलेला फोटो, सगळं छायाचित्रावरून. यात कमीपणा काही नाही, पण समोर बसणारा इथे कोण, हे ओळखायला हवं. बाबासाहेबांचं चित्र रंगवणाऱ्या पेंटरसमोर फोटो असतो, आणि त्याच्या पाठीशी वस्तीतली माणसं उभी असतात. चष्म्याची काडी, कपाळाची रुंदी, कोटाची कॉलर, निळ्या रंगाची छटा, काहीही चुकलं तर ती लगेच बोलतात, कारण हा चेहरा त्यांना आपल्या घरातल्यापेक्षा पाठ असतो. इथे बसणाऱ्याची जागा समाजाने घेतली आहे. पेंटरला सूचना देणारा, नापसंती दाखवणारा आणि शेवटी मान डोलावणारा समाज, आणि तो जागरूक असल्यामुळे काम चोख होतं.

जिथे समाजाला मूळ चेहरा माहीत नसतो, तिथे मात्र घोटाळा होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र पुस्तकांत छापलं जायचं आणि भक्तिभावाने भिंतीवर लावलं जायचं, ते प्रत्यक्षात इब्राहिम खान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी मूळ साधनं धुंडाळून १९३३ मध्ये महाराजांचं अस्सल चित्र लोकांसमोर ठेवलं. त्याआधी केवढ्या मोठ्या समाजाने एका अनोळखी माणसाच्या चेहऱ्याला मुजरा केला! त्यात लोकांची चूक काहीच नव्हती. चित्रात कोण आहे आणि ते कुठून आलं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून हे झालं.

तुकारामांच्या बाबतीत उलट घडलं आणि तेही डोळ्यांसमोर. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल दोघेही मुळात चित्रकार होते, चेहऱ्याची पारख त्यांना होती. पुढे पुष्कळांच्या मनात तुकारामांचा चेहरा म्हणजे पागनीसांचाच चेहरा होऊन बसला. इथे खुर्चीवर कोण बसलं होतं हे सर्वांना ठाऊक होतं, नाव पडद्यावर होतं, आणि त्यामुळे भक्ती कणभरही उणावली नाही.

नर्सीच्या नामदेवांसाठी हाच दाखला कामाचा आहे. नामदेव शिंपी होते. त्यांच्या अभंगांत कात्री, सुई, गज, धागा यांची भाषा येते. तसबिरीत मात्र त्यांचे हात टाळ-वीणेवरच असतात आणि ते मऊ, गुबगुबीत, कधीच सुई न धरलेले दिसतात. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या माणसाचे हात पाहावेत. तर्जनीच्या टोकाला सुईच्या टोचण्यांनी आलेला राठपणा, अंगुस्तान घालून घालून चेपलेलं मधलं बोट, कात्रीच्या कडीने अंगठ्याच्या बुडाशी पडलेला घट्टा. वर्षानुवर्षं खाली पाहून काम केल्याने मान किंचित पुढे आलेली, आणि दोरा ओवताना एक डोळा बारीक करायची सवय चेहऱ्यावर कायमची बसलेली. असा चेहरा आणि असे हात कल्पनेतून काढता येत नाहीत, त्यांच्यासमोर बसून पाहावे लागतात. सतराव्या शतकात रेम्ब्रांने ख्रिस्ताचं मस्तक रंगवताना अॅमस्टरडॅममधल्या आपल्या शेजारपाजारच्या ज्यू माणसांना समोर बसवलं असं अभ्यासक मानतात. त्याच्या घरातल्या वस्तूंच्या १६५६च्या यादीत ख्रिस्ताच्या एका मस्तकापुढे ते प्रत्यक्षावरून केल्याची नोंदही आहे. ख्रिस्त ज्या लोकांत जन्मला त्यांच्यातलाच चेहरा त्याने घेतला. मराठी चित्रकाराने नर्सीत, हिंगोलीत, वसमतला मुक्काम करून शिलाई मशीनवर आयुष्य काढलेल्या एखाद्या वृद्धाला समोर बसवलं, तर नामदेवांचं जे चित्र होईल ते आजच्या कुठल्याही छापील तसबिरीपेक्षा नामदेवांच्या जवळ जाईल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. संताला एखाद्या जिवंत माणसाचा चेहरा दिला तर उद्या लोक त्या माणसाच्या पाया पडतील, किंवा त्याच्या घरातल्या भानगडी काढून चित्राला नावं ठेवतील. पागनीस नट होते, लोकांच्या नजरा झेलायची त्यांना सवय होती. खेड्यातल्या शिंप्याला ती नसते. म्हणून चित्रकाराने रंग काढण्याआधी त्याच्याशी बोलायला हवं. आपला चेहरा देवळात लागेल, त्याला हार घातले जातील, त्याच्या प्रती निघतील, नातवंडांना शाळेत त्यावरून कुणी काही म्हणेल, हे सगळं त्याला आधी सांगायला हवं, त्याच्या घरच्यांनाही. बसण्याच्या दिवसांची मजुरी ठरवून द्यायला हवी, कारण तेवढे दिवस त्याचं मशीन बंद राहणार आहे, आणि लग्नसराई असेल तर तो नुकसानीचा आकडा लहान नसेल. नंतर त्याचं मन बदललं तर चेहरा बदलण्याची तयारी चित्रकाराने ठेवायला हवी. आणि तो राजी असेल तर चित्राखाली चित्रकाराच्या सहीशेजारी त्याचंही नाव यावं, गावाच्या नावासह, देवळात येणाऱ्या कुणालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.